एकच, पण सगळीकडे: ‘युबिक्विटस’ची कुळकथा

नागपूरच्या खाण्यावर इंग्रजीत कुणी लिहायला बसले की तर्री-पोह्यांच्या ठेल्यामागे ‘युबिक्विटस’ हे विशेषण लागायला वेळ लागत नाही. शब्दकोश त्याचा अर्थ ‘सर्वत्र आढळणारा’ असा देतात. अर्थ बरोबरच आहे, पण ‘कॉमन’ आणि ‘वाइडस्प्रेड’ हाताशी असताना हा जडजंबाल शब्द टिकला कसा, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. लॅटिनमध्ये ‘उबी’ म्हणजे कुठे. त्याला ‘क्वे’ जोडला की ‘उबीक्वे’, म्हणजे सगळीकडे. घडण थेट आपल्या ‘कुठेही’ची. इंग्रजीत तो शिरला मात्र धर्मशास्त्राच्या दारातून. 1529 साली मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली यांचा वाद झाला, तो प्रभुभोजनाच्या भाकरीत ख्रिस्ताचे शरीर खरोखर असते का, यावर. शरीर स्वर्गात असेल तर एकाच वेळी अनेक वेदींवर कसे, हा झ्विंग्लीपक्षाचा सवाल होता. ते सर्वत्र असू शकते, असे मानणाऱ्या ल्यूथरपंथीयांना विरोधकांनी पुढे ‘युबिक्विटेरियन’ म्हटले. म्हणजे मुळात प्रश्न संख्येचा नव्हताच; जे एकच आहे ते एकाच क्षणी सगळीकडे कसे, हा होता.

यावर आक्षेप येईल की हे झाले पाद्र्यांचे भांडण. आजच्या वापरात त्यातले काय उरले? माझ्या मते बरेच उरले आहे, आणि पुरावा व्याकरणात आहे. इंग्रजी लेखक ‘द युबिक्विटस प्लास्टिक बॅग’ असे एकवचनात लिहितो, जणू एकच पिशवी सीताबर्डीवरही आहे आणि इतवारीतही. विदर्भात कापूस ‘वाइडस्प्रेड’ असतो, कारण पीक पसरते. ठेला पसरत नाही. आपण जाऊ तिथे तो आधीच हजर असतो. या विशेषणातली किंचित थट्टाही इथूनच येते. देवाचा गुण पिशवीला चिकटवल्यावर हसू येणारच.

दुसरा आक्षेप लष्करी आहे. 1832 साली ब्रिटिश तोफखान्याला ‘उबीक्वे’ हे ब्रीद मिळाले, त्यात कुठले आले धर्मशास्त्र? धर्मशास्त्र नाही, पण एकवचन आहेच. इतर पलटणी लढायांची नावे मिरवतात. तोफखाना जवळपास प्रत्येक लढाईत असल्याने त्या यादीऐवजी हा एकच शब्द आला. आपल्याकडे अभियंता दलाने तो ‘सर्वत्र’ असा घेतला, तर तोफखान्याचे ब्रीद झाले ‘सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल’. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सना आणि देवळालीच्या तोफखाना विद्यालयाला ते परके वाटत नाही.

मग मराठीत काय म्हणावे? डॉ. रघुवीरांनी नागपुरात बसून संस्कृत धातू-उपसर्गांतून पारिभाषिक शब्दांची टांकसाळच उघडली होती. त्या वळणाने गेले तर ‘सर्वव्यापी’ सुचते, पण तो शब्द अजून देव्हाऱ्यातून उतरलेला नाही. प्लास्टिकच्या पिशवीला तो पेलत नाही. ‘सर्रास’ चालतो तो कृतीला, वस्तूला नव्हे. शिवाय त्यात नापसंतीचा वास आहे. ठेल्यापुरते बोलायचे तर ‘जिथे जावे तिथे हजर’ हे चार शब्द मला पुरेसे वाटतात.