कान-नाक-घसा शस्त्रक्रियेतील जखमांचे वर्गीकरण

शस्त्रक्रियेच्या वेळी जखमेत जंतू शिरण्यास किती वाव होता, हे पाहून ठरवलेला जखमेचा वर्ग. ऑपरेशन थिएटरातील अतिनील किरणांचा उपयोग तपासताना अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने ही पद्धत वापरली. त्या तपासणीचा अहवाल १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वच्छ, स्वच्छ-दूषित, दूषित आणि संसर्गित असे तिचे चार वर्ग आहेत. नाक, तोंड व घशाचे अस्तर कधीच निर्जंतुक नसल्यामुळे या शाखेत बहुतेक जखमा दुसऱ्या वर्गात पडतात.

थायरॉईड किंवा कानापुढची लालाग्रंथी त्वचेतून काढली आणि घसा उघडला नाही, तर जखम स्वच्छ. नाकाचा पडदा, सायनस, स्वरयंत्र यांवरील शस्त्रक्रिया स्वच्छ-दूषित. कर्करोगासाठी मानेतील गाठी काढताना घसाही उघडावा लागला, की लाळ मानेत उतरते आणि वर्ग बदलतो; म्हणून अशा वेळी छेद घेण्यापूर्वीच प्रतिजैविक देतात. अपघातातील ताजी, उघडी जखम दूषित, तर टॉन्सिलमागे साचलेला पू काढल्याची जखम संसर्गित.

टॉन्सिल काढल्यावर जागा सहसा टाके न घालता उघडीच ठेवतात. तिच्यावर पांढरट थर धरतो. घरच्यांना तो पू वाटतो, पण तो जखम भरतानाचा फायब्रिनचा थर असतो. टॉन्सिल काढलेल्या मुलांना सरसकट प्रतिजैविके देऊ नयेत, असे अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. केवळ ‘दूषित’ या शब्दाने घाबरून औषध वाढवू नये.

खरा मतभेद कानाविषयी आहे. मध्यकर्ण युस्टेशियन नलिकेने नाकामागच्या पोकळीला जोडलेला असतो, म्हणून कोरड्या कानात पडदा बसवण्याच्या शस्त्रक्रियेला कोणी स्वच्छ म्हणतात, कोणी स्वच्छ-दूषित. दुसरे मत शरीररचनेला धरून आहे. वाहत्या कानात मॅस्टॉइड उघडल्यावर पू सापडला, तर वाद उरत नाही. जखम चौथ्या वर्गातली.

यामुळेच वर्गाची नोंद शस्त्रक्रियेच्या यादीवरचे नाव पाहून आधी करू नये. शेवटचा टाका पडल्यावर, आत प्रत्यक्ष काय आढळले हे शल्यचिकित्सकाला विचारून सिस्टरने ती करावी.