उरेब काप आणि बडोद्याची राजकन्या

शिंपी ज्यास ‘उरेब काप’ म्हणतात, तो प्रकार वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. कापडांत उभे व आडवे धागे एकमेकांस काटकोनांत छेदतात. धाग्याच्या दिशेनें ओढलें तर कापड फारसें ताणत नाहीं. पण समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपें ओढलें, कीं तेंच कापड लवचिक होतें. साध्या हातरुमालावर कोणासही हा प्रयोग करून पाहतां येईल. पॅरिसच्या मादलेन व्हियोने (१८७६–१९७५) यांनीं एवढ्याच गुणावर पाश्चात्त्य स्त्रियांच्या संध्यावेषाची नवी रचना उभी केली. १९१२ सालीं त्यांनीं स्वतःचें दुकान काढलें. लहानशा लांकडी बाहुलीवर कापड टांगून त्या त्याचा कल पाहत, आणि मग कात्री हातीं घेत. कंबर आवळणारें कॉर्सेट त्यांनीं दूर सारलें. रेशमी क्रेप अंगाबरोबर आपोआप वळूं लागलें. पुढें १९३३ च्या ‘डिनर अ‍ॅट एट’ या बोलपटांत जीन हार्लो या नटीच्या शुभ्र साटिनच्या झग्यानें या कापाची मोहिनी सर्वत्र पोंचविली.

त्याच काळांत यूरोपांतील मेजवान्यांतून एक मराठी राजकन्या मात्र साडी नेसूनच वावरत होती. सयाजीराव गायकवाडांच्या कन्या इंदिरादेवी यांचा जन्म १८९२ चा. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशीं ठरलेला विवाह त्यांनीं स्वतः मोडला. १९११ च्या दिल्ली दरबारच्या सुमारास ज्यांच्याशीं स्नेह जमला, त्या कुचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशीं १९१३ सालीं लंडनमध्यें लग्न केलें. आईबापांचा विरोध होता. राजघराण्यांतील मुलीनें एवढें धाडस करणें त्या काळीं लहान गोष्ट नव्हे.

१९२२ च्या डिसेंबरांत त्यांस वैधव्य आलें. वय अवघें तीस. आपल्याकडे आलवण नेसून माजघराच्या अंधारांत दिवस काढणाऱ्या विधवा ज्यांनीं पाहिल्या, त्यांस पुढची हकीकत नवलाची वाटेल. बाई पुत्राच्या वतीनें राज्यकारभार पाहूं लागल्या, तो १९३६ पर्यंत; आणि पेहरावाचा त्यागही त्यांनीं केला नाहीं. फ्रान्समधून विणवून आणलेल्या शिफॉनच्या साड्या रूढ करण्याचें श्रेय त्यांसच देण्यांत येतें. शिफॉनचा धागा फार पिळाचा. म्हणून तें कापड हलकें असूनही झुळझुळत खालीं येतें.

साडीस कात्री लागत नाहीं हें खरें. तथापि पदर कमरेपासून खांद्यावर तिरपा जातो, तेव्हां तेथें कापड नकळत उरेब होऊन अंगाशीं बसतें. व्हियोनेंना जें बेतून साधावें लागे, तें येथें नेसण्यांतच साधतें!

व्हियोनेंचें दुकान १९३९ सालीं बंद झालें. इंदिरादेवी १९६८ सालीं मुंबईंत निवर्तल्या. त्यांच्या कन्या गायत्रीदेवी १९४० सालीं जयपूरच्या राणी झाल्या, तेव्हां फिक्या रंगांची शिफॉनची साडी त्यांच्याबरोबर तेथें गेली. तेथील पडदा कडक होता. १९४३ सालीं त्यांनीं तेथें मुलींची शाळा काढली.