वाड्यांच्या खांबांचा बाजार

पेशवाईतल्या वाड्याचा सगळा डौल लाकूडकामात असे. चौकाभोवतीचे सुरूच्या आकाराचे सागवानी खांब, तुळईखाली लोंबणारी केळफुले, दारावरची गणेशपट्टी ही त्याची ओळख. हे काम बरेचसे कूस आणि खाच जुळवून उभे राही, त्यामुळे वाडा पडला तरी खांब शाबूत उतरवता येत. पुढच्या सगळ्या व्यापाराचे मूळ या सांध्यात आहे.

 

पुण्यात वाडे मोडायला लागले ते पेशवाईनंतर बऱ्याच काळाने. भाडेनियंत्रणामुळे घरमालकांना दुरुस्ती परवडेना आणि 1961 च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे अनेक वाडे खचले. मग अपार्टमेंट आली. उतरवलेले लाकूड वखारीत, जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात पोचू लागले. नक्षी चांगली असली तर खांब दिवाणखान्यात, नसली तर रंधा मारून नव्या चौकटीत!

संग्राहक दिनकर केळकरांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभारले. असे भाग्य फार थोड्या लाकडाला लाभले. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरील कलावस्तू खासगी व्यक्तीने परदेशी पाठवण्यास बंदी घातली आणि विक्रेत्यांना परवाना सक्तीचा केला. देशातल्या देशात विक्री मात्र चालूच राहिली.