फावल्या वेळाचे प्रदर्शन

प्रदर्शन म्हटले की कारखानदार, सरकारी खाती आणि मोठाले फलक डोळ्यांपुढे येतात. पण दिवसभर पोटाचा धंदा करून रात्री दिव्यापाशी हौसेने काही घडवावे आणि ते चार लोकांपुढे मांडावे, ही चालही जुनी आहे. आपल्याकडची मुले दिवाळीत मातीचे किल्ले करतात, त्यातली गंमत हीच. इंग्लंडात या हौसेला मोठे रूप आले.

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कात जंगी प्रदर्शन भरले. सुमारे ६० लाख लोकांनी ते पाहिले. एक शिलिंगाचे तिकीट काढून कामगारही आले. यंत्रे त्यांच्याच हातची, पण पाटी मालकाच्या नावाची! मग १८६४ साली दक्षिण लंडनच्या कामगारांनी लॅम्बेथमधल्या सार्वजनिक स्नानगृहात स्वतःचे प्रदर्शन भरवले. फावल्या वेळात केलेल्या वस्तू तिथे करणाराच्या नावाने मांडल्या गेल्या. त्याच वर्षी उत्तर लंडननेही तसेच केले.

पुढे १८९८ साली पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक काढले. घरच्या छोट्या लेथवर इंजिने, बोटी करणाऱ्यांसाठी ते होते. १९०७ साली या मंडळींचे पहिले प्रदर्शन वेस्टमिन्स्टरला भरले.

आता खरी कथा ऐका. विक्रीच्या छोट्या आगगाड्या स्पिरिटच्या दिव्यावर चालत. एवढ्याशा बॉयलरात कोळसा नीट जळणार नाही, असे जाणकार म्हणत. 'एलबीएससी' या टोपणनावाने लिहिणारे एक गृहस्थ म्हणाले, का नाही? ज्या रेल्वेवर त्यांनी काम केले, तिचीच ती आद्याक्षरे. १९२२ पासून वाचकांच्या पत्रांतून असे रण माजले, की त्याला 'बॉयलरांची लढाई' असेच नाव पडले. कागदावर हा वाद मिटणे शक्य नव्हते. दोन्ही पक्षांची आकडेमोड बिनतोड! १९२४ च्या प्रदर्शनात मात्र रूळच टाकलेले होते. एलबीएससींची 'आयेशा' नावाची गाडी, रुळांमधले अंतर अवघे अडीच इंच, पोटात कोळसा. ती मागे मोठी माणसे बसवून ओढू लागली. लोक वाकून वाकून बघत होते. हजार पत्रांनी जे झाले नसते, ते झाले. माझ्या मते प्रदर्शनाचा खरा उपयोग तो हाच. बक्षिसाचे पदक मागाहून.

त्यानंतर एलबीएससींनी कित्येक वर्षे त्याच नियतकालिकात इंजिन कसे करावे याचे पाठ लिहिले, तेही अगदी समोर बसून बोलावे तशा भाषेत. कुठला तुकडा आधी कापायचा, भोक कोणत्या मापाचे पाडायचे, इथपासून. लेथला कधी हात न लावलेल्या माणसांनी ते वाचून इंजिने केली. १९६७ साली ते वारले. त्यांच्या नकाशांवरून केलेली इंजिने सुट्टीच्या दिवशी हौशी मंडळांच्या रुळांवर आजही पोरांना फिरवून आणतात.