जिथे काटा पोचत नाही

१५ मे १९४१ रोजी इंग्लंडात क्रॅनवेल येथे फ्रँक व्हिटल यांचे जेट इंजिन घेऊन विमान उडाले. जर्मनीत हान्स फॉन ओहाइन यांचे इंजिन १९३९ सालीच उडाले होते. ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. पण उडत्या विमानात इंजिनाचा रेटा किती, हे काट्यावर वाचता येत नाही, हे फारसे कोणी सांगत नाही! जमिनीवर इंजिन चौकटीत जखडून तो मोजतात. आकाशात चौकट कुठली आणायची? टर्बाइनच्या तोंडाशी तर आज दीड हजार अंशांहून अधिक उष्णता असते. तिथली पाती आतून हवा खेळवून वाचवावी लागतात. मग मोजणारी तार किती टिकणार?

हाती उरतात चक्रांचे फेरे, जळणारे इंधन, काही ठिकाणचे दाब आणि तापमान. एवढ्यावरून आतली झीज ओळखायची. तीन म्हशींचे दूध एकाच चरवीत काढले आणि मापात कमी भरले, तर आटली कोणती? शिक्षकमंडळी म्हणतील, अज्ञात पदे तीन आणि समीकरण एक! आणि चूक महागात पडते. कमी रेटा पुरेसा भासला तर धोका. चांगले इंजिन उगाच उतरवले तर मोठा खर्च.

१९७२ साली अमेरिकेत लुई अर्बन यांनी दाखवले, की प्रत्येक भागाची झीज सगळ्या काट्यांना आपल्या विशिष्ट तऱ्हेने हलवते; तो माग काढत उलट जाता येते. काटेही थोडे चुकतातच. त्यावर हंगेरीत जन्मलेल्या रुडॉल्फ कालमान यांची १९६० सालची रीत उपयोगी पडली. आधी गणिताने भाकीत करायचे, मग काटा पाहायचा, आणि काट्यावर जितका भरवसा तितकीच दुरुस्ती करायची. अपोलोच्या चांद्रप्रवासातही हीच रीत होती.

तरी म्हशी तीन त्या तीनच. काही भाग झिजलेच नाहीत असे धरून बाकीच्यांचा हिशेब करीत. पण वगळलेल्याचा दोष मग निरपराध्याच्या माथी बसे! क्लीव्हलंड येथील नासाच्या केंद्रातील डोनाल्ड सायमन आणि संजय गर्ग यांनी २०१० साली निराळी युक्ती प्रसिद्ध केली. कोणालाच वगळायचे नाही. सर्वांचा थोडा थोडा वाटा असलेल्या मोजक्याच मिश्र राशी घ्यायच्या, आणि अंदाजाची सरासरी चूक कमीत कमी राहील असे ते वाटे ठरवायचे. चूक उरतेच, पण ती साधारण किती असेल हेही गणित आधी सांगते.