एकाचा वेग, सर्वांची अब्रू

एखादा सायकलस्वार बेफाम धांवत घोड्याला बुजवून जातो आणि गाडीवानाच्या शिव्या मात्र मागून येणाऱ्या निरपराध स्वाराला खाव्या लागतात. इंग्लंडांत १८९० च्या सुमारास, अशा रोषापायीं उद्यां सर्वच सायकलींवर बंदी येईल या धास्तीनें, राष्ट्रीय सायकल-संघानें रस्त्यावरील एकत्रित शर्यतींना मनाई केली. १८९५ पासून बिडलेक यांच्या पद्धतीनें स्वार एकेकटे, वेळ मोजून धांवूं लागले. तेंही पुढें भल्या पहांटे, काळ्या वेषांत. १९४२ सालीं पर्सी स्टॅलर्ड यांनीं पोलिसांच्या साह्यानें लँगोलन ते वुल्व्हरहॅम्प्टन शर्यत भरविली. ती सुरळीत पार पडली. तरी संघानें त्यांना निलंबित केलें. एकाच्या आचरणावर सर्वांची अब्रू अवलंबून असते खरी. पण त्या भीतीनें निरपराध्यालाच शिक्षा करणें हा न्याय नव्हे.