हायपो, मीठ आणि गोडं पाणी

तेल्हाऱ्यात मामाच्या न्हाणीघराची रात्री डार्करूम व्हायची. खिडकीला गोधडी, दाराच्या फटीला पोतं, वर झिरोचा लाल बल्ब. पाटावर तीन ट्रे : चित्र उमटवणारा डेव्हलपर, साधं पाणी, चित्र पक्कं करणारा हायपो. डेव्हलपरला वीस अंशांच्या आसपासची थंडाई लागते आणि वऱ्हाडचा उन्हाळा पंचेचाळिशीचा. म्हणून तो ट्रे परातीतल्या बर्फात बसायचा. उकाड्यात फिल्मवरचा जिलेटिनचा थर सुटू नये म्हणून हायपोत तुरटी पडायची. हायपोचे काचेसारखे खडे विरघळवणं माझं काम. ते ढवळताना भांडं हाताला गारेगार लागायचं, कारण हायपो विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो.

या हायपोचं कूळ विलायतेतलं. त्याच्या द्रावणात चांदीचे क्षार विरघळतात हे इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1819 मध्येच दाखवलं होतं. तेव्हा फोटोग्राफी जन्मायची होती. पंधरा वर्षांनी टॅलबट नावाचे इंग्रज संशोधक कागदावर चित्रं उमटवू लागले, पण उजेडात ती काळी पडत. मिठाच्या दाट पाण्याने ते हा काळेपणा थोपवत. मिठाने चांदीचा क्षार मंदावतो, कागदातून जात नाही. 1839 च्या सुरुवातीला हर्शेल यांनी आपला जुना हायपो वापरून पाहिला आणि उजेड न लागलेला क्षार धुऊन निघाला. चित्र टिकलं. त्या पदार्थाला तेव्हा हायपोसल्फाइट ऑफ सोडा म्हणत. पुढे रसायनशास्त्राने ते नाव दुरुस्त करून थायोसल्फेट केलं, पण फोटोवाल्यांच्या तोंडी हायपोच राहिला. ‘निगेटिव्ह’ हा शब्दही हर्शेल यांनीच फोटोग्राफीत आणला.

इंग्रजीत रोल ‘डेव्हलप’ करतात. आपण मात्र ‘रोल धुवायला टाकला’ म्हणायचो, आणि मला आपलाच शब्द जास्त खरा वाटतो. डेव्हलपरचं काम मिनिटांत उरकतं. फोटो किती वर्षं टिकणार ते धुण्यावर ठरतं. कागदात उरलेला हायपो पुढे चांदीलाच खातो आणि फोटो पिवळा पडतो.

मामाच्या गावी, पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात, हे धुणं सोपं नव्हतं. विहिरीचं पाणी खारट. त्यात धुतलेली निगेटिव्ह वाळली की पांढरे डाग. तरी मामा पहिली धुणी त्याच पाण्यात काढायचा, आणि ते बरोबरच होतं. खाऱ्या पाण्यात हायपो गोड्यापेक्षा लवकर सुटतो, फक्त शेवटी मीठ काढायला गोडं पाणी लागतं. ते रांजणातलं, घागरी वाहून आणलेलं.

‘‘प्याचं पानी फोटोले घालता काय?’’ मामी विचारायची आणि स्वतःच तांब्या भरून दाराशी ठेवायची.

एका दिवाळीला घाई झाली, शेवटची धुणी राहिली. ते फोटो आज चहाच्या डागासारखे झाले आहेत. मामीच्या पाण्यात धुतलेले मात्र अजून काळेभोर, पांढरेशुभ्र आहेत.

तुमच्या घरी जुनी निगेटिव्ह असतील तर प्लास्टिकच्या पिशवीतून काढा, साध्या कागदी पाकिटात घालून कोरड्या, थंड जागी ठेवा. व्हिनेगरसारखा वास येणारी आधी वेगळी करा आणि त्यांच्या कॉपी लगेच काढून घ्या.